दगडावरचा आकडा

दर दिवाळीला या पानावर आपली भेट होते, तेव्हा मी शक्यतो काहीतरी हलकेफुलके घेऊन येतो. गेल्या वर्षी अनारसे कढईत विरघळल्याची हकीकत सांगितली होती. त्यापायी आमच्या घरात चार दिवस मौन पाळले गेले. यंदा चकलीवर लिहायचे ठरवले होते, कागदावर मथळाही घालून ठेवला होता. पण आषाढात गावाहून एक फोन आला आणि चकली बाजूला राहिली.

आमचे गाव खेडच्या पलीकडे. एस. टी. थांबते तिथे पिंपळाचा पार आहे आणि पाराच्या चिऱ्यांत एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. असेल दीड हात लांब. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात २३ माणसे गेली, त्यांपैकी ४ जणांनी प्राण दिले, असे त्यावर इंग्रजीत कोरले आहे. बस्स, एवढेच. असे दगड साहेबाने त्या काळी गावोगाव बसवले.

मे महिन्यात आम्ही मुले मुंबईहून गावी गेलो की गावच्या भावंडांपुढे मी तो दगड मोठ्याने वाचून दाखवीत असे. माझे इंग्रजी ऐकून आत्याला कोण कौतुक वाटे! २३ गेले, ४ मेले, एवढे वाचून मी आंब्यांकडे वळे. ते चौघे कोण, हे मी कधी विचारले नाही. आणि आपण होऊन कोणी सांगितलेही नाही.

फोन सरपंचांचा होता. सरपंच म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा तरतरीत पोरगा.

"काका, रस्ता रुंद होतोय. पार मागे घ्यावा लागणार. जुना दगड तडकलाय, तो ठेवूच; पण शेजारी एक नवा बसवू म्हणतोय. मराठीत, नावांसकट. तुम्ही लिहिणारे, तेव्हा मजकूर तुम्हीच करून द्या. आणि तुमच्या घरातले तर दोघं गेले होते ना?"

"दोघं?" मी विचारले. मला एकच ठाऊक होते, माझे पणजोबा. ते परत आले होते आणि म्हातारे होऊन १९५८ साली घरात वारले होते.

"आमची आजी दोघं म्हणते," सरपंच म्हणाला.

मजकूर करायला मला अर्धा तास लागला. 'या गावच्या ज्या शूर सुपुत्रांनी रणांगणावर शत्रूशी झुंजताना वीरगती पत्करली' अशी सुरुवात होती. लिहिणाऱ्याला असली वाक्ये शोधावी लागत नाहीत, ती आपण होऊन कागदावर येऊन बसतात. मी ते सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्या वाटाणे सोलत होत्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण आत्याबाईंना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं?"

"त्यांच्या मांडीवर वाढल्या त्या. तुम्ही त्यांना पाहिलंसुद्धा नाहीत."

बायकोचे म्हणणे पटले की पुरुष लगेच पुस्तकांकडे धाव घेतो. मीही तेच केले. गणपतीला गावी जायचे होतेच, तोवर वाचनालयातून जे मिळेल ते आणून वाचले. त्यातले थोडे सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळायची नाही.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या वर माणसे परदेशी गेली आणि सुमारे ७४,००० परतली नाहीत. आपल्याकडच्या मराठा पलटणी गेल्या त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथे लढलेल्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. बसरा घेतले, मग टायग्रिस नदीच्या काठाकाठाने ही फौज वर बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे गाठ पडली. या बाजूची चार हजारांहून अधिक माणसे तिथे मेली वा जखमी झाली. जखमींची सोय अशी, की त्यांना स्प्रिंगा नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून मैलोगणती खडबडीत जमिनीवरून नदीपर्यंत न्यायचे, आणि तिथून बोटींत भरून बसऱ्याला पाठवायचे. 'मेजिदिए' नावाची अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर ती पाहत होता. दुरून त्याला वाटले, बोटीच्या कडेला दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळले की ते दोर नव्हेत. आतल्या रोग्यांची घाण कडेवरून ओघळून वाळली होती. त्याने हे वर कळवले, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली. पण तो हटला नाही. पुढे चौकशी झाली, १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि विलायतेत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफॉनहून मागे फिरलेली फौज कुट या गावी आली आणि डिसेंबरात तुर्कांनी तिला वेढा घातला. जनरल टाउनशेंड सेनापती होता. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. सोडवायला बाहेरून जी फौज आली तिची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, तरी ती पोचली नाही. आत अन्न संपले. विमानांतून पिठाची पोती टाकली, त्यांतली काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. मग घोडे आणि खेचरे मारून खायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते मांस नाकारले. घरी कळले तर काय, जातीत घेतील का, पोरीबाळींची लग्ने होतील का, ही भीती तोफांहून मोठी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून ती बिनतारी यंत्राने कुटमध्ये कळवण्यात आली. तोवर मूठभर जवाच्या पिठावर जगणाऱ्या शिपायांना स्कर्व्हीने गाठले होते. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उकलायच्या, माणूस बसल्या जागी कलंडायचा. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली.

या सगळ्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ साली उभारले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत. हिंदी लोकांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावे आहेत. बाकी शिपायांचा पलटणीमागे नुसता आकडा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभे केले. ज्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे ही स्मारके आहेत, त्याने २०२१ मध्ये आपल्या चौकशीचा अहवाल काढला आणि या भेदाबद्दल माफी मागितली.

हे वाचले आणि मला आमच्या पारावरचा दगड आठवला. २३ आणि ४. बसऱ्याचाच तो धाकटा भाऊ.

गणपतीला गावी गेलो. आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. बाजूच्याच वाडीत दिलेली, पण गणपतीला माहेरी येऊन माजघराचा ताबा घेण्याची तिची रीत अजून सुटलेली नाही. पहिल्या रात्री आरती झाली, मोदक झाले, पोरे झोपली. पडवीत आम्ही दोघेच उरलो, तेव्हा मी विषय काढला.

"आत्या, पणजोबांबरोबर लढाईवर आणखी कोण गेलं होतं?"

ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली.

"त्याचा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

तिने मग जे सांगितले ते तिला तिच्या आज्याने, म्हणजे माझ्या पणजोबांनी, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवाळीत सांगितले होते. तोवर त्यांनी कोणाला सांगितले नव्हते आणि त्यानंतर आत्यानेही नाही.

धाकट्याला आई सोडत नव्हती. थोरल्याने जबाबदारी घेतली. आईच्या समाधानासाठी त्याने स्वतःच्या हाताने, तिच्यासमोर, धाकट्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. मांसाला आणि दारूला शिवणार नाही, अशी त्याच्याकडून शपथ घेवविली. आई म्हणाली, आता जा.

थोरला शिमग्याच्या खालूबाजात ढोल वाजवणारा, म्हणून पलटणीच्या बँडमध्ये गेला. लढाई लागली की बँडवाल्यांनी वाद्ये ठेवून डोल्या उचलायच्या. दोन बांबू आणि मध्ये कापड.

"टेसिफॉनच्या लढाईचं काही सांगायचा?" मी विचारले.

"नाव नाही सांगायचा. गाड्यांचं सांगायचा," आत्या म्हणाली. "म्हणायचा, जखमी गाड्यांत घातले. पहिल्या मैलाला सगळे ओरडत होते. पाचव्या मैलाला एक पण ओरडत नव्हता. आम्ही गाडीबरोबर चालत होतो, आम्हाला बरं वाटलं, झोप लागली असेल म्हणून."

मग कुट. घोडे मारायला लागले तेव्हा थोरल्याने आधी नाकारले, मग खाल्ले. त्याचे म्हणणे साधे होते. आपल्या हातात बळ नसेल तर डोली कोण उचलील? डोलीतला माणूस आपली जात विचारत नाही. धाकट्याला त्याने हेच समजावले. धाकटा तोवर झिजून काडी झाला होता.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, माळ तू घातलीस. तू काढ, मग खातो."

आत्या थांबली. गणपतीपुढच्या समईची वात तिने उठून सारली आणि परत येऊन बसली.

"आज्याचा हात उठला नाही, रे. आई समोर उभी आहे असं वाटलं म्हणे. आज काढू, उद्या काढू, असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी माळ काढायला गेला, तर पोराला घोट गिळता येईना. वेढा उठायच्या नऊ दिवस आधीची गोष्ट. त्याची डोली आज्यानेच उचलली, पुढच्या बाजूने. मागे कोण होता ते त्याला आठवत नव्हतं."

शरणागतीनंतर तुर्कांनी आजारी-जखमींपैकी हजारभर लोक अदलाबदलीत सोडले. त्यांत पणजोबा होते. बोटीतून बसरा, तिथून मुंबई. मुंबईत तेव्हा म्यूझियमची नवी घुमटाची इमारत बांधून तयार होती आणि तिचेच लष्करी इस्पितळ केले होते. पुढे पुष्कळ वर्षांनी माझे वडील आणि आत्या त्यांना म्यूझियम दाखवायला घेऊन गेले, तर ते फाटकाशीच उभे राहिले. "तुम्ही बघून या. मी आतून बघितलंय," एवढेच म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी आईच्या हातात माळ ठेवली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवली. माझ्या पोराने व्रत मोडलं नाही, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. थोरल्यानेही मोडले नसेल, असे तिने धरून चालले, आणि त्याने तिला धरून चालू दिले.

"सगळ्यांना वाटायचं, आजा लढाईचं बोलत नाही कारण फार वाईट पाहिलंय," आत्या म्हणाली. "तसं नव्हतं. एक उपाशी मेला, मग दुसरा कसा जगला, हे कोणीतरी विचारील म्हणून तो भीत होता. चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही. मी विचारलं."

"तू?"

"धनत्रयोदशीला यमदीप दारात लावायचा, कणकेचा. आजा दोन करायचा. एक दारात, एक पाराच्या दगडावर. मी लहान असल्यापासून दुसरा दिवा माझ्या हातात असायचा. लोकांना वाटायचं, चौघांसाठी लावतो. मी त्या वर्षी विचारलं, आजोबा, हा दिवा कोणाचा? तेव्हा सांगितलं."

माझा मजकूर खिशातच होता. रणांगण, झुंज, वीरगती. मी तो बाहेर काढला नाही.

तिसऱ्या दिवशी देवळात बैठक भरली. गणपतीत सगळे चाकरमानी गावी असतात, म्हणून सरपंचाने तोच मुहूर्त धरला होता. चौघांची नावे घराघरांतून मिळाली. आमच्या धाकट्या पणजोबांचे नाव आत्याने सांगितले. कोकणात दर चार घरांमागे एक सापडेल असे साधेच नाव. मग 'वीरगती' शब्दावर गाडी आली. मी म्हटले, तो शब्द गाळावा, आणि कारण सांगितले. आत्याची परवानगी मी घेतली होती.

निवृत्त गुरुजी उठले. त्यांचा माझ्यावर लोभ आहे, पण ते तापले. "उपासाने मेला असं दगडावर लिहायचं? पोरांनी त्यातून काय घ्यायचं? आणि आपल्या थोरल्यांनी घोडा खाल्ला, हे चारचौघांत सांगायची गरज काय?"

सभेत कुजबुज झाली. खरे सांगतो, मलाही वाटले, गुरुजी अगदीच चुकीचे बोलत नाहीत. घरातली गोष्ट घरात राहिली असती तर कोणाचे काय बिघडले असते?

आत्या खांबाला टेकून बसली होती. बसूनच म्हणाली, "गुरुजी, माझ्या आज्याने लोकांच्या पोरांना उचलून आणलं. किती, ते त्याने मोजलं नाही. घोडा खाल्ला नसता तर उचलता आलं नसतं. पोरांना हे शिकवा. आणि धाकट्याचं शिकवायचं असेल, तर शपथ घालणाऱ्याने ती वेळेवर काढावी, हे शिकवा."

गुरुजी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग परत आलेल्यांचीही नावं घाला. फक्त चौघांचीच कशाला?"

ही सूचना त्यांची, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे.

मग तेवीस नावांचा शोध सुरू झाला. बारा मिळाली आणि गाडी अडली. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की बौद्धवाडीत निरोपच गेलेला नाही. सरपंच स्वतः जाऊन तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आला. १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभारली, तिच्यात त्यांचे आजोबा होते. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली आणि माणसे घरी पाठवली. त्यांच्या वाडीतल्या सहा जणांची नावे त्यांना पाठ होती. कोणाचा कोण, परतला केव्हा, वारला केव्हा, सगळे. "आमच्याकडे दगड नव्हता," ते म्हणाले, "म्हणून तोंडपाठ ठेवलं." अठरा नावे झाली. ही सहा सोडून आम्ही दगड कोरायला निघालो होतो, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

आता नव्या दगडावर 'गेले' या मथळ्याखाली अठरा नावे आहेत आणि पाच ओळी कोऱ्या. मिळतील तेव्हा कोरायच्या. जे परतले नाहीत त्यांच्या नावापुढे एक छोटी पणती कोरली आहे. विशेषण एकही नाही. लिहिणाऱ्याला एवढा कमी मजकूर लिहून एवढे बरे वाटल्याचे मला आठवत नाही. जुना दगडही राहील. २३ आणि ४ हे आकडे खोटे नव्हते, अपुरे होते.

ही हकीकत छापू का, असे मी निघताना आत्याला विचारले. ती म्हणाली, "छाप. नावं मात्र घालू नकोस. ती दगडावर बघायला येऊ देत." तेव्हा वाचकहो, नावे इथे दिली नाहीत, ती विसरून नव्हे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आम्ही गावी असू. धनत्रयोदशीला आत्या कणीक मळणार आहे. एक दिवा दारात लागेल, दक्षिणेकडे वात करून, आणि दुसरा पारावर. पारावरचा दिवा न्यायचे काम माझ्या नातीकडे दिले आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि फार प्रश्न विचारते. यंदा तिच्या प्रश्नांना आत्याने आणि मी खरी उत्तरे द्यायची, असे ठरले आहे.

चकलीचे पुढच्या वर्षी पाहू. दिवाळी सुखाची जावो.